सरपटणाऱ्यांचा सांभाळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी जीवशास्त्राचे पहिले धडे गिरवले. त्यांच्या नावाने दोन शब्द बोलण्याचा योग आला, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा विचार करताना मला माझ्या बालपणीचा एक अपराध आठवला. त्या अपराधापासूनच आरंभ करतो.

आमच्या घरी एक तारा कासव होते. सौराष्ट्राकडून आलेल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून वडिलांनी ते विकत घेतले होते. कासव घरात असले की लक्ष्मी स्थिरावते, अशी त्या काळी समजूत होती. आजही ती पुरती गेलेली नाही. मागल्या पडवीत एका घंगाळात चार बोटे पाणी भरून आम्ही त्याला ठेवले. सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करलेली पोळी घालीत असू. आम्ही भावंडे त्याच्यावर जीव टाकीत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात एके सकाळी ते हलेनासे झाले. उचलून पाहिले तर त्याचे कवच अंगठ्याखाली दबत होते.

मी ते फडक्यात गुंडाळून गुरुजींकडे नेले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हा प्राणी पाण्यातला की जमिनीवरचा?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी त्या कासवाचा पाय माझ्यापुढे धरला. खांबासारखा जाड, खवल्यांचा पाय. बोटांमध्ये पडदा नाही. म्हणाले, "दोन वर्षांत एकदा पाय पाहिला असतास, तरी कळले असते."

तारा कासव हा कोरड्या माळरानावरचा, काटेरी झुडपांतला जीव आहे. गवत, पाला, फुले, पडलेली फळे हे त्याचे अन्न. दूध त्याला पचत नाही. त्याचे कवच म्हणजे हाडच असते आणि ते घट्ट होण्यास कॅल्शियम तर लागतेच, पण ते शरीरात जिरण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणही लागतात. आम्ही त्या कासवाला दोन वर्षे भिजत, सावलीत, चुकीच्या अन्नावर ठेवले होते. म्हणजे प्रेमाने, सावकाश मारले होते. त्या वेळी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झालेला नव्हता, एवढीच कायद्यापुरती सबब. गुरुजींपुढे ती चालली नसती.

हे सारे पुन्हा आठवण्यास एक निमित्त घडले. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा, जो या शाळेचाही विद्यार्थी आहे, दूरध्वनी आला. त्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी एक परदेशी अजगर विकत आणला होता. त्या अजगराने तीन महिने अन्नाला तोंड लावले नव्हते. घरात वाद होता. मुलगा रडकुंडीला आला होता आणि आई म्हणत होती की त्याला विश्वामित्रीच्या काठी सोडून द्यावे. मी जाऊन पाहिले.

तो बॉल पायथन होता. शास्त्रीय नाव पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही अजगर. भय वाटताच डोके मधोमध लपवून हा साप अंगाचा चेंडू करतो, म्हणून इंग्रजीत त्याला चेंडूचे नाव मिळाले. सेनेगलपासून युगांडापर्यंतचा आफ्रिकेचा गवताळ पट्टा हे त्याचे घर. दिवसा तो उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. लांबी साधारण तीन ते पाच फूट, विष नाही, स्वभाव भिडस्त. मादी तीनपासून दहा-अकरापर्यंत अंडी घालते आणि सुमारे दोन महिने त्यांना वेटोळे घालून बसते. बेनिनमधील उइदा गावी अजगरांचे मंदिर आहे आणि तेथे या सापाला मारणे निषिद्ध आहे. त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घाना या देशांतून, रानातून गोळा केलेल्या अंड्यांची व गाभण माद्यांची पिल्ले वर्षानुवर्षे जगभरच्या बाजारात जात आली आहेत. ज्या भूमीत तो पूज्य, त्याच भूमीतून तो पेट्यांत भरून निघतो. नागपंचमी पाळणाऱ्या आपल्या समाजाने याचे फार आश्चर्य मानू नये.

मुलाच्या खोलीत काचेची पेटी होती, चांगली स्वच्छ. खोलीत वातानुकूलन यंत्र चालू होते. पेटीत तापमापक नव्हता, लपायला जागा नव्हती. मी विचारले, "येथे उष्णता किती असते?" तो म्हणाला, "आजोबा, बाहेर चव्वेचाळीस अंश आहे, म्हणून मी यंत्र बंदच करीत नाही. त्याला उन्हाचा त्रास होऊ नये."

साप, सरडे, पाली, कासवे, मगरी यांना आपण पाठ्यपुस्तकात 'शीतरक्ताचे प्राणी' म्हणत आलो. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. त्यांचे रक्त थंड नसते. ते स्वतःची ऊब स्वतः निर्माण करीत नाहीत, ती बाहेरून घेतात. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा शरीर ऊबदार ठेवण्यात खर्ची पडतो. अजगराला तो खर्च नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एक उंदीर त्याला पुरतो. परंतु या काटकसरीची किंमत अशी की त्याची प्रत्येक शरीरक्रिया बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. पचन, रोगाशी झुंज, जखम भरणे, हे सारे उबेच्या आधाराने चालते. गार जागी गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो, आणि मग साप तो ओकून टाकतो. म्हणून गारठलेला साप अन्न नाकारतो, तेव्हा तो हट्ट करीत नसतो.

तेव्हा पेटीत एकच एक तापमान असून चालत नाही. एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस ऊब आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश, अशी चढती-उतरती व्यवस्था असावी लागते. आपणास केव्हा किती ऊब हवी, हे साप स्वतः ठरवतो आणि त्याप्रमाणे जागा बदलतो. दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी अंधारी लपण असावी. एकच लपण असेल, तर त्याला ऊब आणि निर्धास्तपणा यांतून एकाची निवड करावी लागते. ऊब देणाऱ्या साधनाला तापनियंत्रक जोडणे अत्यावश्यक आहे, अन्यथा साप भाजतो. पेटी उन्हात ठेवणे तर त्याहून घातक, कारण बंद काचेत काही मिनिटांत भट्टी होते. हवेत ओलावा साधारण ५५ ते ६० टक्के हवा. तो कमी पडला तर कात अखंड उतरत नाही, तुकडे चिकटून राहतात. विशेषतः डोळ्यांवरचे पारदर्शक कवच अडकले तर इजा होते. वातानुकूलित खोलीत हवा गार आणि कोरडी, असे दोन्ही दोष एकत्र येतात.

सरडे व कासवे यांच्या बाबतीत अतिनील प्रकाशाचा प्रश्न अधिक बिकट असतो. उंदीर सगळाच्या सगळा गिळणाऱ्या सापाला कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व त्यातूनच मिळते. पाला खाणाऱ्या हिरव्या इग्वानाला ते मिळत नाही. खिडकीतून ऊन येते ना, असे लोक म्हणतात. परंतु उपयोगी पडणारे अतिनील किरण साधी काच जवळजवळ सगळे अडवते. अशा इग्वानाची हाडे मऊ होतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. मालकाला मात्र वाटते, प्राणी गुबगुबीत झाला.

येथे या विषयाचे मर्म आहे. कुत्रा उपाशी असेल तर भुंकतो, दारात येऊन बसतो. मांजर पायात घोटाळते. सरपटणारा प्राणी तक्रार करीत नाही. त्याचे जगणे जसे संथ, तसे मरणेही संथ. आपल्या चुकीची शिक्षा त्याला आठवडाभरात दिसत नाही; ती सहा महिन्यांनी, वर्षाने दिसते, आणि तोवर आपण 'तो मजेत आहे' असे पाहुण्यांना सांगत असतो. म्हणून हे प्राणी 'सांभाळायला सोपे' म्हणून विकले जातात. ते सोपे नसतात, फक्त मुके असतात.

घेण्यापूर्वी आणखी काही गोष्टींचा हिशेब करावा. पहिली अन्नाची. जिवंत उंदीर पेटीत सोडणे सापालाही धोक्याचे, कारण भुकेला उंदीर त्याला कुरतडतो. म्हणून आधीच मारलेला, गोठवून ठेवलेला उंदीर ऊबदार करून देतात. ज्या घरात अंडेही येत नाही, त्या घराच्या शीतकपाटात ही पुडी ठेवण्याची सर्वांची तयारी आहे काय? दुसरी आयुष्याची. हा साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, वयाच्या किमान ६२ व्या वर्षी, कित्येक वर्षे नराचा सहवास नसताना सात अंडी घातली. विसाव्या वर्षी हौसेने आणलेला साप नोकरी, विवाह, बदल्या या सर्वांतून सांभाळावा लागतो. तिसरी आरोग्याची. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवावे.

चौथी गोष्ट कायद्याची. नाग, धामण, घोरपड, तारा कासव, भारतीय अजगर हे आपले वन्यजीव घरी ठेवणे गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नादाने ज्याचा व्यापार चालतो ते गरीब मांडूळही यातून सुटलेले नाही. परदेशी प्राण्यांबाबत पूर्वी संदिग्धता होती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांतील प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यांत बॉल पायथनही आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर नोंद करावयाची होती. विक्रेत्याने त्या मुलाला 'कागद लागत नाहीत' असे सांगितले होते. मी बाप-लेकांना मुदतीच्या आत नोंदणीचा अर्ज करावयास लावले.

राहिली आईची सूचना. विश्वामित्रीत मगरी आहेतच, त्यांत एका सापाची भर, असे त्या माउलीला वाटले. हा विचार दयेचा असला तरी अनर्थकारक आहे. मगरी तेथल्या रहिवासी आहेत. आपण त्यांच्या काठावर नगर वसवले. आफ्रिकेचा साप येथे एक तर मरेल, किंवा जगून परके रोग पसरवील. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळीव व्यापारातून सुटलेले ब्रह्मी अजगर वाढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले होते. आपल्याकडेही मत्स्यपेट्यांसाठी आणलेली, मिसिसिपी खोऱ्यातील लाल कानाची कासवे लोकांनी देवळांच्या कुंडांत व तलावांत सोडली आहेत. ती देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतात. पाळलेला प्राणी नकोसा झाला तर वनविभागाला कळवावे. सोडून देण्याला मुक्ती म्हणू नये.

मग असा प्राणी पाळावा की पाळू नये? माझे मत विचाराल तर नव्याने आणू नये. साप पाहण्याचा आनंद पुण्याच्या कात्रजला, चेन्नईच्या सर्पोद्यानात किंवा आपल्या सयाजीबागेत मिळतो. परंतु जो घरात आलेलाच आहे, त्याच्या बाबतीत मत देण्याची वेळ टळून गेलेली असते. तेथे उरते ते कर्तव्य.

त्या मुलाने पेटीची व्यवस्था बदलली. एकोणिसाव्या दिवशी अजगराने अन्न घेतले.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्याला पूर आला आणि विश्वामित्री वस्त्यांत शिरली. मगरी रस्त्यांवर आल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. त्या मुलाचे घर तळमजल्यावर. पाणी उंबऱ्याला लागताच त्याने साप उशीच्या अभ्र्यात घालून, गाठ मारून वरच्या शेजाऱ्यांकडे नेला. दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याचा मला दूरध्वनी आला. तो म्हणाला, "आजोबा, काल त्याला खायला द्यायचा दिवस होता. मी दिले नाही. उबेची खात्री नव्हती, पचले नसते. बरोबर केले ना?"

मी म्हणालो, बरोबर केलेस. आम्ही कासवाला दोन वेळा दूधपोळी घालीत होतो आणि त्यालाच प्रेम समजत होतो. या मुलाने न भरवण्यातले प्रेम ओळखले होते. गुरुजी असते तर त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावून घेतले असते. मी त्यांच्यापुढे फडक्यात काय घेऊन गेलो होतो, हे मला या वयातही विसरता येत नाही.