उभ्या रानाची कमाई

आपण जत्रेला जातो, देवदर्शनाला जातो, लेकीच्या गावाला जातो. पण नुसती पाखरे पाहायला कोणी परमुलखात जाईल का? तुम्ही म्हणाल, "गुरुजी, थट्टा करता काय?" थट्टा नाही. जगात असे पुष्कळ लोक आहेत. ते समुद्र ओलांडून जातात, पहाटे उठतात आणि झाडाखाली गुपचूप उभे राहतात.

अशा लोकांचा एक आवडता देश म्हणजे इक्वेडोर. तो दक्षिण अमेरिकेत आहे. पृथ्वीच्या मधोमध एक रेघ कल्पिली आहे. तिला विषुववृत्त म्हणतात. ही रेघ त्या देशातून जाते. देशाचे नावही तिच्यावरूनच पडले. हा देश आपल्या महाराष्ट्राहून लहान. पण तिथे पाखरांच्या सोळाशेहून जास्त जाती आहेत. आपल्या एवढ्या मोठ्या भारतात सुमारे तेराशे!

असे का बरे? त्या देशाच्या पश्चिमेला समुद्र आहे. मधे अँडीज नावाचे उंच डोंगर आहेत. पूर्वेला ॲमेझॉनचे घनदाट रान आहे. डोंगराच्या पायथ्याशी उकाडा, तर माथ्यावर बर्फ. जसजसे वर चढावे तसतशी हवा बदलते. हवा बदलली की झाडे, फुले, किडे बदलतात. मग पाखरेही बदलतात. माळावरचे पीक वेगळे, पाणथळीतले वेगळे, तसेच हे.

तिथे गुंजनपक्ष्यांच्याच सुमारे १३० जाती आहेत. हे पाखरू आपल्याकडे नाही. ते इवलेसे असते. पंख इतके भरभर हलवते की हवेत एकाच जागी थांबून फुलातला रस पिते. पंखांचा आवाज भुंग्यासारखा येतो.

किटो ही इक्वेडोरची राजधानी. तिथून मोटारीने सुमारे दोन तासांवर मिंडो गाव आहे. त्या भागातले रान सदा धुक्यात भिजलेले असते. तिथेच आंहेल पाझ नावाचे एक शेतकरी राहतात. रान तोडायचे आणि शेत नाहीतर कुरण करायचे, ही तिकडची जुनी रीत. आंहेलही पूर्वी झाडे तोडीत.

त्यांच्या रानात एका जागी लालभडक पाखरे पहाटे जमत. त्यांना तिकडे 'खडकावरचा कोंबडा' म्हणतात. नर एकत्र येऊन ओरडतात, नाचतात. मादी येऊन त्यांतला एक पसंत करते. हा नाच पाहायला लोक पैसे देतात, हे आंहेलना कळले. त्यांनी रानातून पायवाट काढली.

ती वाट करताना त्यांना आणखी एक पाखरू दिसले. रंगाने तपकिरी, पाय उंच, शेपूट नावाला. ते झुडपांखाली जमिनीवर चालते आणि माणूस दिसला की दडते. मोठमोठ्या जाणकारांनाही ते क्वचितच दिसे. ते गांडुळे खाते, हे आंहेलनी हेरले. मग ते रोज गांडुळे नेऊन टाकू लागले. पाखरू आधी पळून गेले. पण यांनी नेम सोडला नाही. शेवटी ते समोर येऊन खाऊ लागले. आंहेलनी त्याचे नाव ठेवले मारिया. हाक मारली की मारिया झाडीतून बाहेर येई!

ही गोष्ट २००५ च्या सुमाराची. मग देशोदेशीचे लोक तिथे येऊ लागले. आंहेल आणि त्यांचे भाऊ त्यांना वाट दाखवतात. फेरी झाली की हिरव्या केळ्यांचे गरम गोळे न्याहारीला देतात.

यात अडचण नाही असे नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत जगभर प्रवास थांबला. पाहुण्यांवर ज्यांचे पोट, त्यांचे हाल झाले. म्हणून सगळा भार एकाच धंद्यावर टाकू नये. पण एक हिशेब खरा. तोडलेले झाड एकदाच पैसा देते. उभे रान दरसाल देते, आणि पाण्याचा झराही राखते.

आता एक काम करा. उद्या पहाटे अंगणात घटकाभर गप्प बसा. किती जातींची पाखरे येतात ते मोजा. त्यांची नावे वहीत लिहून काढा. आता तुम्हाला लिहिता येते ना!