झाडाची जखम भरत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या शहरांतून रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी सुरू होते. वादळात फांदी पडून कोणी दगावू नये, विजेच्या तारा तुटू नयेत, हा हेतू योग्यच आहे. मात्र हीच छाटणी चुकीच्या जागी झाली, तर काही वर्षांनी तीच झाड पडण्याचे कारण ठरू शकते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी एक प्रश्न विचारला पाहिजे : झाडाला झालेली जखम भरते कशी?

याचे उत्तर असे, की ती भरतच नाही. आपल्या कातडीला खरचटले, तर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाचे तसे नाही. एकदा तयार झालेले लाकूड पुन्हा नव्याने घडत नाही. खोडाची जाडी वाढवण्याचे काम साल आणि लाकूड यांच्यामधला एक पातळ थर करतो. पाठ्यपुस्तकात आपण त्याला ऊतककर किंवा कॅम्बियम म्हणतो. हा थर आतल्या अंगाला लाकूड आणि बाहेरच्या अंगाला अंतर्साल तयार करतो. म्हणजे नवे लाकूड नेहमी जुन्याच्या बाहेर येते. जखमी लाकूड आत तसेच राहते. झाड त्याला फक्त कोंडून टाकते.

ही गोष्ट स्पष्टपणे मांडण्याचे मोठे श्रेय अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांना जाते. एरवी खोड आडवे कापून पाहण्याची पद्धत होती. शायगोंनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरली आणि जखमेपासून सुरू झालेली कूज वर, खाली व आत कोठवर जाते, ते पाहिले. १९७७ साली त्यांनी हे निष्कर्ष चार ‘भिंतीं’च्या रूपात मांडले.

पहिली भिंत कुजीला वर-खाली पसरण्यापासून अडवते. जखमेजवळच्या जलवाहिन्या डिंकासारख्या पदार्थांनी किंवा शेजारच्या पेशींच्या फुगवट्यांनी बुजतात. ही सर्वांत कच्ची भिंत. दुसरी भिंत वाढीच्या वलयांची. ती कुजीला गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी केंद्राकडून परिघाकडे जाणाऱ्या अरीय पेशींची. ती बाजूंना अडवते. चौथी भिंत मात्र जखम झाल्यानंतर ऊतककर नव्याने बांधतो आणि तीच सर्वांत भक्कम असते. जखमेआधीचे लाकूड कुजले तरी त्यानंतर तयार होणारे लाकूड तिच्यामुळे सुरक्षित राहते. आतून पोकळ झालेले वडा-पिंपळाचे झाड बाहेरून हिरवेगार कसे, याचे उत्तर येथे मिळते.

नारळाची गोष्ट वेगळी आहे. तो एकबीजपत्री, त्याच्या खोडात असा ऊतककराचा थरच नसतो. म्हणून पाय ठेवण्यासाठी माडाच्या खोडात पाडलेल्या खाचा आयुष्यभर उघड्याच राहतात.

आता छाटणीकडे वळू. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे बुडाशी नीट पाहिल्यास किंचित फुगीर कडे दिसते. याला कॉलर म्हणतात. हा भाग खोडाचा असतो, फांदीचा नव्हे. आणि फांदीच्या बुडाशी, याच जागी, कुजीला रोखणारी रसायने साठवणारा पट्टा असतो. काप या कड्याच्या लगेच बाहेर घेतला, तर झाडाची संरक्षणव्यवस्था शाबूत राहते. पूर्वी ‘सफाईदार’ म्हणून फांदी खोडाशी सपाट कापत असत. त्यात हे कडेच निघून जाते आणि थेट खोडाला जखम होते. याउलट हातभर खुंट ठेवला, तर तो मरून कुजतो आणि कुजीला आत जाण्याची वाट होते. कापावर रंग किंवा डांबर फासल्यानेही कूज थांबत नाही, असे शायगोंना आढळले.

जड फांदी एका कापात तोडली, तर ती स्वतःच्या वजनाने खोडाची साल ओरबाडत खाली येते. म्हणून तीन काप घ्यावे लागतात. पहिला खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, फांदी पडेपर्यंत. आणि उरलेला खुंट काढण्यासाठी तिसरा, कड्याच्या बाहेरून.

असा काप जमिनीवरून कोयता बांधलेल्या बांबूने घेता येत नाही. त्यासाठी माणसाला त्या फांदीपाशी पोचावे लागते. पाश्चात्त्य देशांत हे काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यावसायिकाला आर्बोरिस्ट म्हणतात. आपण त्याला वृक्षवैद्य म्हणू. तो वजन बांधलेली बारीक दोरी उंच, मजबूत बेचक्यातून फेकतो आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घेतो. दोराचे एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधलेले असते, तर दुसऱ्या पदराला त्याच पट्ट्यातून आलेली सरकगाठ पकडते. या जातीच्या गाठींपैकी प्रसिद्ध गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडली. भार पडला की ती घर्षणाने आवळते, भार काढला की हाताने सरकते. वजन दोन पदरांवर विभागल्यामुळे, घर्षण सोडून दिले तर, ७० किलोच्या माणसाला ३५ किलोभाराइतकाच जोर लावावा लागतो. पण १ मीटर वर जाण्यासाठी २ मीटर दोर ओढावा लागतो. सरल यंत्रे शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल. बुटांना टोकदार खिळे लावून चढणे सोपे असते, पण प्रत्येक पावलागणिक ऊतककराला जखम होते. म्हणून खिळे वापरायचे ते तोडायच्याच झाडावर.

चढण्यापूर्वी झाड पेलेल का, हेही पाहावे लागते. पोकळ खोड म्हणजे धोकादायक, असे सरसकट म्हणता येत नाही. वाकवणाऱ्या बलाला गोल खोडाचा होणारा विरोध व्यासाच्या घातांवर अवलंबून असतो. पोकळीचा व्यास खोडाच्या निम्मा असेल, तर बळ (१/२)⁴ म्हणजे १/१६ इतकेच, सुमारे ६ टक्के, घटते. पोकळी ०.७ पट झाली की घट २४ टक्क्यांवर जाते आणि ०.९ पट झाली की ६६ टक्क्यांवर. अर्थात हे गणित पूर्ण, अखंड नळीचे आहे. खोडाला एका बाजूने भगदाड असेल तर ते लागू पडत नाही.

शाळेच्या आसपासची छाटलेली झाडे विद्यार्थ्यांना जमिनीवरूनच पाहायला सांगावीत. जुन्या कापाभोवती नव्या लाकडाची वळकटी सर्व बाजूंनी कड्यासारखी सारखी वाढली असेल, तर काप योग्य जागी होता. वळकटी फक्त दोन बाजूंनाच असेल, तर फांदी खोडाशी सपाट कापली असण्याचा संभव मोठा. आणि वाळक्या खुंटावर बुरशीच्या छत्र्या दिसल्या, तर कूज आत शिरली आहे असे समजावे. अशा नोंदींचा नकाशा करून पुढच्या छाटणीआधी तो स्थानिक वृक्ष अधिकाऱ्यांना दिला, तर विज्ञानाच्या तासाचा उपयोग त्या झाडांना आणि त्यांच्या सावलीतून रोज जाणाऱ्या मुलांनाही होईल.