आजीच्या फोनमधला फोटो आणि हरवलेली तारीख

आजोबांचा शेवटचा दिवाळीचा फोटो आजीच्या फोनमध्ये सापडला. माझी मूळ फाइल जुन्या फोनबरोबर गेली होती. फाइलच्या नावात तारीख होती, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आल्याची, काढल्याची नव्हे! साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातला एक्सिफ मेटाडेटा (काढल्याची तारीख, वेळ, कधी ठिकाणही) गळतो. तुम्ही गाइडला प्रयोगाचे फोटो असेच पाठवता ना? ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, दोन्ही टिकतं. आजीला मात्र डॉक्युमेंट उघडायचा वैताग. तिच्यासाठी मूळ फाइलवरून ४ बाय ६ इंचाची प्रिंट काढा. ३०० डीपीआयला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. मागे तारीख, नावं लिहा. तिच्या अल्बममधल्या फोटोंमागे ती असतातच.