झिरो महोत्सव : विमानभाड्याचे गणित

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात २०१२ पासून, बहुधा सप्टेंबरअखेरीस, संगीत महोत्सव भरतो. इटानगरजवळचे होलोंगी व आसामातील लीलाबारी हे जवळचे विमानतळ; पण तेथे उड्डाणे मोजकी असल्याने मागणी वाढताच भाडे चढते. गुवाहाटीला अनेक कंपन्यांची विमाने उतरतात. चढाओढीमुळे तेथील तिकीट बहुधा स्वस्त पडते. पुढे रात्रीच्या रेल्वेने नाहरलगुन आणि तेथून शेअर सुमोने झिरो गाठता येते. विमानातील कमी दराची आसने आधी संपतात. म्हणून तारखा जाहीर होताच आरक्षण करणे आणि शनिवार-रविवार टाळणे फायद्याचे ठरते. तुलना करताना सामानाचे शुल्क, पुढचा रेल्वे-सुमोचा खर्च आणि वाटेतला मुक्कामही हिशेबात धरावा लागतो. शिवाय अरुणाचलात प्रवेशासाठी राज्याबाहेरील भारतीयांना इनर लाइन परमिट हा परवाना काढावा लागतो.