गॅस गिझर पेटत नाही? आधी हे बघा

पुणे : थंडीत ऐन आंघोळीच्या वेळी गॅस गिझर रुसतो. मेकॅनिकला फोन करण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून कान द्या. 'टकटक' आवाज नसेल तर दोन्ही सेल बदला. तरीही आवाज नाही, तर पाण्याला जोर कमी असेल; टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हे हमखास होतं. आवाज येतो पण ज्योत नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर बघा. ज्योत आहे पण पाणी कोमट, तर बोअरच्या पाण्याचे क्षार नळीत साचले असतील. ते काम मेकॅनिकचं.

ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली तर गिझर लगेच बंद करा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवा, आणि थंडी वाजली तरी खिडकी उघडी ठेवा.