रिकाम्या पेवाची कादंबरी

शेगाव तालुक्यातील केसगळतीची बातमी आता कोणास नवी राहिलेली नाही. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावे २०२५ च्या जानेवारीत देशभर ठाऊक झाली. चार दिवसांत विरळ झालेल्या डोक्यांची छायाचित्रे घरोघर फिरली. पाण्याचे, मातीचे आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळांत गेले. आणि पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांच्या विंचूदंशावरील संशोधनाने कोकणातील असंख्य जीव वाचले, त्यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. शिवालिकच्या पायथ्याशी पंजाबातील काही जमीन सेलेनियमने भरलेली आहे हे शास्त्रज्ञांस पूर्वीपासून ठाऊक होते. तिकडून आलेल्या गव्हातून ते येथील माणसांच्या शरीरात उतरले, असा डॉ. बावस्करांचा निष्कर्ष. त्यावर वाद झाला आणि तो ज्यांच्या अधिकारातला आहे त्यांनी तो निवाड्यास न्यावा. माझे मन मात्र त्या साऱ्या गदारोळात एकाच साध्या शब्दावर अडकून राहिले, आणि तो शब्द म्हणजे ‘बाहेरून’. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्याभोर जमिनीवर, जेथे ज्वारीचे कणीस माणसाच्या डोक्याच्या वर डोलत असे, तेथील कास्तकाराच्या ताटातले अन्न परप्रांतातून केव्हापासून येऊ लागले आणि ते तसे यावे हे कोणी ठरविले, हा प्रश्न त्या बातमीत कोणीच विचारला नाही.

योगायोगाने याच दिवसांत मी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ पुन्हा वाचीत होतो. शेगाव घाटाखालचे आणि देशमुखांचे चिखली तालुक्यातील अमडापूर घाटावरचे. मोगल दप्तरात ज्यांची पायनघाट आणि बालाघाट अशी वाटणी होती ते वऱ्हाडचे दोन्ही भाग या एका बुलढाणा जिल्ह्यात नांदतात. २००२ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली, २००४ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला, आणि तेव्हापासून तिची गणना ग्रामीण कादंबरीत, फार तर कृषिजीवनाच्या कादंबरीत होत आली आहे. मला ही वर्गवारी अपुरी वाटते. भरपूर शिकूनही नोकरीस मुकलेला, आणि म्हणून वावरात उतरलेला एकनाथ, त्याची माहेरी निघून जाणारी पत्नी अलका, हातातून निसटत जाणारे घर, आणि बारा महिन्यांपैकी एकही महिना ज्यात सुटकेचा नाही असे कालचक्र, ही सारी लक्षणे पाश्चात्त्य टीकाशास्त्र ज्या प्रकारास ‘डिस्टोपिया’ म्हणते त्याची, म्हणजे माणसाने माणसासाठी रचलेल्या दुःस्वप्नराज्याची आहेत. भेद इतकाच की अन्य लेखकांना त्यासाठी भविष्यकाळात जावे लागले, देशमुखांना बांधापर्यंत जाणे पुरेसे झाले.

कोणी म्हणेल की ही ओढाताण आहे. त्यांनी या प्रकाराच्या मुळाशी जाऊन पाहावे. ‘युटोपिया’ हा शब्द ज्याने घडविला त्या टॉमस मोरच्या १५१६ सालच्या ग्रंथाचा आरंभ स्वप्नबेटावर होत नाही. त्याच्या पहिल्या भागात बोलणे येते ते इंग्लंडच्या खेड्यांचे, जेथे लोकरीचा भाव चढल्यामुळे जमीनदार धान्याची शेते कुंपणात घालून मेंढ्यांस मोकळी करीत होते आणि कुळे देशोधडीला लागत होती. गरीब मेंढीच आता माणसे गिळू लागली आहे, अशा आशयाची तेथील तक्रार प्रसिद्धच आहे. ‘नाइन्टीन एटी-फोर’चा कर्ता जॉर्ज ऑर्वेल १९०३ साली जन्मला तो बिहारमधील मोतिहारीस, कारण त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यात चाकरीस होते. त्या खात्याची रीत अशी होती की रयतेस आगाऊ रक्कम द्यावी, तिने खसखशीचे पीक काढावे, आणि सरकार ठरवील त्या दराने सारा चीक सरकारच्या पदरात घालावा. तान्हेपणीच इंग्लंडास गेलेल्या त्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले असा दावा मी करणार नाही. परंतु जन्माचा दाखला ज्या व्यवस्थेच्या वसाहतीत लिहिला गेला, तिने पोटाचे पीक हटवून परक्याच्या गरजेचे पीक रयतेच्या शेतात रोविले होते, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. इंग्लंडात लोकर, बिहारात अफू आणि वऱ्हाडात कापूस.

आता वऱ्हाडचे दप्तर उघडू. १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या देण्यापोटी हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, म्हणजे येथील रयतेची जमीन सावकाराकडे गहाण पडण्याच्या पुष्कळ आधी सबंध प्रांतच कर्जात पडला होता. आणि १९०२ साली दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, तेव्हाही मालकी नावापुरती निजामाची आणि वहिवाट दुसऱ्याची अशीच स्थिती राहिली. मधल्या काळात १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि लिव्हरपूलच्या बाजाराची नजर या काळ्या मातीवर खिळली. आगगाडी मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा मार्ग काढीत गेली. जलंबपासून खामगावपर्यंतचा छोटा फाटा १८७० साली खुला झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभास आले होते. गावापर्यंत येणाऱ्या एवढ्याशा लोहमार्गासाठी साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी का येतो, याचे उत्तर खामगावच्या कापूस बाजारात होते.

या काळचा जो मनुष्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही तो म्हणजे कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक. हा दुष्ट नव्हता. मेहनती, लेखणीचा पक्का आणि आपल्या कामावर प्रामाणिक श्रद्धा असलेला असा हा अधिकारी होता, आणि त्याने सरकारास लिहिलेल्या अहवालात त्याची आशा स्पष्ट शब्दांत मांडलेली आहे: रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड येथील कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग येथे सुतात जाणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातणारे व विणणारे हजारो हात रिकामे होऊन शेतमजुरीस लागतील, जंगल तुटेल, लागवड वाढेल. हा मजकूर पुन्हा वाचावा. यात कोठेही क्रौर्याची भाषा नाही; हे एका सुव्यवस्थित उद्याचे चित्र आहे. कोष्ट्याने माग सोडून परक्याच्या शेतात तुरीचे धसकट वेचावे, ही त्याच्या दृष्टीने प्रगती होती. दुःस्वप्नराज्याचा पाया बहुधा अशाच कोणाच्या तरी सद्भावनेच्या टिपणावर घातलेला असतो, हे मला या एका अहवालाने जितके पटले तितके कोणत्याही टीकाग्रंथाने पटले नाही.

पुढचा हिशेब इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी मांडला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हा ग्रंथ मराठीत यावयास हवा होता; बुलढाण्याच्या प्रत्येक महाविद्यालयात ‘बारोमास’ शेजारी तो असावा असे मला वाटते, आणि या लेखात त्याला इतरांहून अधिक जागा देण्यात मला संकोच नाही. दुष्काळ पडला तो पाऊस चुकल्याने, असे सरकारी अहवाल म्हणत. सत्या दाखवितात की पाऊस चुकण्याच्या कित्येक वर्षे आधी तग धरण्याची साधने एकेक करून काढून घेतली गेली होती. गायरान नांगराखाली गेले, जंगल राखीव झाले, गुरांची चराई आटली. खातेदारी पद्धतीने जमीन विकण्याजोगी आणि गहाण टाकण्याजोगी वस्तू बनली. सारा रोख भरावयाचा म्हणून रोख पैसा देणारा कापूस वाढत गेला आणि ज्वारी मागे हटली. बलुत्याचे धान्य, सालदाराचे धान्य, पेवातले धान्य या तिन्ही ठेवी त्याबरोबर रोडावल्या. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. आणि त्या दुसऱ्या दुष्काळात या उपाशी प्रांतातून कापसाच्या गाठी तर गेल्याच, शिवाय ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही बाहेर गेले, अशी नोंद माइक डेव्हिस यांनी आपल्या वसाहतकालीन दुष्काळांवरील ग्रंथात केली आहे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने उच्चारतो. ती कुऱ्हाड कोणाच्या पायावर पडली, ते या आकड्यांत आहे.

स्वातंत्र्यानंतरचा वृत्तान्त वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तो मी थोडक्यात उरकतो. १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी आली आणि मोडली, जनुकीय कापसास मार्च २००२ मध्ये, म्हणजे ‘बारोमास’च्याच वर्षी, परवानगी मिळाली, २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यात बुलढाणा होता. घाटावर आता पऱ्हाटीची जागा पुष्कळ ठिकाणी सोयाबीनने घेतली आहे, पण सोयाबीनची भाकर होत नाही. पीक बदलले, तरी ते दुसऱ्याच्या गिरणीसाठी पिकवावयाचे आणि स्वतःच्या पोटासाठी दुकानाच्या रांगेत उभे राहावयाचे, ही रचना रिव्हेट-कार्नाकच्या काळापासून तशीच चालत आली आहे. रेशन बंद करा असा याचा अर्थ कोणी काढू नये; त्या धान्यावर लाखो चुली पेटतात. माझे म्हणणे इतकेच की एकनाथचे दुःख हे नापिकीचे किंवा नशिबाचे दुःख म्हणून वाचले तर ती कादंबरी अर्धीच वाचली जाते. त्याच्या घरातील प्रत्येक भांडणामागे, अलकाने उंबरा ओलांडण्यामागेही, दीडशे वर्षांचे एक नियोजन उभे आहे.

म्हणून जे तरुण अभ्यासक या कादंबरीवर प्रबंध लिहू इच्छितात, आणि असे पुष्कळ आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ऑर्वेलशी तुलना करण्याची घाई करू नये. नागपूरच्या अभिलेखागारात जुने जमाबंदीचे कागद पाहावेत, तालुक्याच्या दप्तरात पीकपाहणीचे रकाने उतरून घ्यावेत. आणि मग घाटाखालच्या गावांत ऐंशी-नव्वदीच्या आज्यांकडे जाऊन बसावे. भाषेने ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार जपला आहे, पण पेव पाहिलेली माणसे फार थोडी उरली. जमिनीत खोल खणलेला तो खड्डा, कडब्याने आणि काडाने मढविलेल्या त्याच्या भिंती, मातीने लिंपून बंद केलेले तोंड, आणि ते उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणास उतरू न देण्याची ती दक्षता, हे सारे त्या आज्यांना तपशिलाने सांगता येईल. एका पेवात किती खंडी ज्वारी मावे, ते कोणाच्या वाड्यात होते, दुष्काळात ते कोणासाठी उघडले जाई आणि कोणास त्यातून वगळले जाई, हेही विचारावे, कारण गावगाड्याचे जुने जग सर्वांसाठी सारखे दयाळू नव्हते. आणि ते पेव शेवटचे कोणत्या साली भरले गेले होते, ते विचारून लिहून घ्यावे.