अर्धी वंशावळ दुसऱ्यांच्या घरात

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला रामकुंडाजवळच्या तीर्थोपाध्यायांकडे पूर्वजांची चौकशी करायला गेलात, तर पहिला प्रश्न आडनावाचा नसतो, गावाचा असतो. ‘मूळ गाव कोणतं?’ ते कळल्याशिवाय गुरुजींना वही काढताच येत नाही. कोणत्या गावाचे यजमान कोणत्या उपाध्यायांकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि वह्यांची मांडणीही त्याच हिशेबाने केलेली असते. गाव बरोबर सांगता आले, तर जुन्या नामावळीतून आपल्या घराण्याचा लेख निघतो. त्यात पणजोबांचे नाव असते, त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे असते, भावांची, मुलांची, कधी आईची आणि पत्नीचीही असतात. ते कशासाठी आले होते, तेही लिहिलेले असते: सिंहस्थाला, श्राद्धाला की अस्थी घेऊन. खाली त्यांची स्वतःची सही असते. ज्या माणसाचा फोटोही घरात नाही, त्याचे हस्ताक्षर समोर येते.

त्यामुळे पूर्वजांचा शोध घेणाऱ्या बहुतेकांना हा लेख हाती आला म्हणजे काम संपले असे वाटते. वास्तविक खरे कोडे तिथून पुढे असते. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल. विष्णू महादेव, मग महादेव विष्णू, पुन्हा विष्णू महादेव. एका वहीत १८७० च्या आसपासचा विष्णू महादेव सापडला आणि जमिनीच्या कागदात १९१२ चा विष्णू महादेव सापडला, तर तो एकच माणूस की आजोबा आणि नातू? त्यात भर दत्तकाची. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या घराच्या यादीतून नाहीसा होतो आणि दुसऱ्या घरात औरस असल्यासारखा लिहिला जातो. अशा वेळी कागदाकडे कितीही टक लावून बघितले तरी उत्तर मिळत नाही. ते त्याच भावकीतल्या दुसऱ्या शाखेचा शोध घेणाऱ्या कुणाकडे तरी असते. त्याच्याकडच्या कागदात त्या दोन विष्णूंपैकी एकाचा धाकटा भाऊ असतो, किंवा मृत्यूचा शक असतो, आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या की गाठ सुटते.

कुलवृत्तांतांची मोठी परंपरा महाराष्ट्रात याच गरजेतून उभी राहिली. विसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी मंडळे काढली, गावोगावच्या आडनावबंधूंना पत्रे आणि माहितीचे तक्ते पाठवले, आलेली उत्तरे गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव यांवरून शाखांमध्ये लावली. हे ग्रंथ एका विद्वानाने लिहिलेले नाहीत. कुठल्या तरी निवृत्त मास्तरांनी आणि कारकुनांनी, स्वतःच्या खिशातून टपालखर्च करून, शेकडो अनोळखी नातेवाइकांशी पत्रव्यवहार करून ते जमवले आहेत. त्यांच्या चिकाटीचे मोल आपण नीट ओळखलेले नाही, असे मला वाटते.

लिपी हा पुढचा अडसर. विसाव्या शतकाच्या आधीचे बहुतेक मराठी दप्तर मोडीत आहे. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरे हात न उचलता लिहीत जायची. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. इकार एकच, उकार एकच. त्यामुळे नावे एकात एक मिसळलेली दिसतात. तरी कागदाची भाषा एकदा अंगवळणी पडली की ती फार नेमकी आहे. ‘कान्होजी बिन बापूजी’ म्हणजे बापूजीचा मुलगा कान्होजी. ‘सावित्री कोम गणोजी’ म्हणजे गणोजीची बायको सावित्री. तारीख मात्र बऱ्याचदा शुहूर सनात, तीही अरबी शब्दांत असते. ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे सहा, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६६. त्यात ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून मृग नक्षत्रापर्यंतचा कागद असेल तर ६००. म्हणजे हा कागद इ. स. १७६५-६६ चा. मोडी वाचणारा जाणकार हे बोटांवर करून सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा घराण्यांच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा असे जाणकार किती थोडे उरले आहेत हे तहसील कचेऱ्यांपासून गावातल्या पारापर्यंत सगळ्यांना कळले. मराठवाड्यात तर मोडी येऊनही भागत नाही. निजामाच्या अमलातले बरेच महसुली कागद उर्दूत आहेत, आणि मराठा घराण्याचा खापरपणजा शोधायला गावातल्या उर्दू वाचणाऱ्या चाचांकडे जावे लागते.

हे कागद मुळात लिहिले गेले ते कशासाठी? पूर्वजांची आठवण राहावी म्हणून फारच थोडे. वतन कुणाचे, पाटीलकीतला वडीलपणा कुणाचा, इनाम कुणी खायचे, यावर भांडण झाले म्हणून. महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, साक्षीदार पिढ्या सांगतात, कैफियतीत वादी आपली वंशावळ देतो. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडे हक्काचा पुरावा मागितला, तेव्हा घराघरांतून वंशावळी मांडून कचेरीत द्याव्या लागल्या. त्या काळचे कागदांचे रुमाल आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, पेशवाईच्या कागदांशेजारी आहेत. ज्या घराण्यात भाऊबंदकी जोरात होती, त्याचे कागद भरपूर सापडतात. समजुतीने वाटण्या करून गप्प बसलेल्या भावांचा माग लागत नाही. आणि वंशावळ वाटणीसाठी मांडलेली असल्यामुळे तिच्यात निपुत्रिक काका गळतो, घर सोडून गेलेला भाऊ ‘परागंदा’ एवढ्या शब्दावर संपतो, आणि मुली येतच नाहीत.

मुलींचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठी घरात लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे पहिले नावही बदलते. समजा, तुमच्या वहीत ‘लक्ष्मीबाई कोम महादेव’ आहे. ही कुणाची कोण, कुठल्या गावची, लग्नाआधी तिला काय हाक मारत, यातले काहीच तुमच्या घरात लिहिलेले नसते. पण तिच्या माहेरच्या कुलवृत्तांतात एक ओळ असू शकते: कन्या यमुना, अमुक गावच्या अमुकांकडे दिली. तुमच्याकडे यमुना नाही, त्यांच्याकडे लक्ष्मीबाई नाही. दोन घराण्यांचे दोन संशोधक एकमेकांना भेटून गाव, सासऱ्याचे नाव आणि साधारण वर्ष ताडून पाहत नाहीत, तोवर ही एकच बाई दोन वेगळ्या ग्रंथांत दोन अर्धवट बायका होऊन राहते. प्रत्येक पिढीत घरात आलेली बाई दुसऱ्या घरातून आलेली असते. म्हणून कितीही श्रीमंत दप्तर असलेले घर असो, त्याची अर्धी वंशावळ दुसऱ्यांच्या चोपड्यांत असते. स्वतःपुरते संशोधन करणाऱ्याला पुरुषांची एक सरळ रेघ मिळेल, कुटुंब मिळणार नाही.

बायकांची नावे सापडायची एक जागा मात्र तलाठ्याच्या दप्तरातच आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण वंशावळीसाठी त्याहून उपयोगी ते गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही. खातेदार मयत झाला की वारस कोण ते तिथे लागते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर या नोंदींत मुलींना जागा मिळू लागली, सासरच्या नावासह, कधी गावासह. पुढे अनेक ठिकाणी त्याच बहिणींचे हक्कसोडपत्र आहे. भावाला जमीन मोकळी करून देताना बहिणीने केलेली ती सही तिच्या नातवंडांना आज पणजोबांच्या घरापर्यंत घेऊन जाते. जुने फेरफार मागताना क्रमांक लागतो, तो सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेला असतो. एका फेरफारातून त्याच्या आधीचा, असे मागे मागे जायचे. ‘ए.कु.मॅ.’ दिसले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्या मागे नाव नसलेले भाऊ असणार, हे गृहीत धरायचे आणि त्यांचा शोध घ्यायचा.

असा शोध घेताना एक अडचण हमखास येते. तुम्ही मूळ गावी जाऊन भावकीच्या घरी बसता, चहा होतो, आणि तुम्ही पिढ्यांची नावे विचारू लागता, तेव्हा समोरच्याच्या मनात एकच शंका असते: हे हिस्सा मागायला आले आहेत. ही शंका अगदी रास्त आहे. गावात वंशावळ मागितली जाते ती बहुधा कोर्टासाठी किंवा दाखल्यासाठी. म्हणून अनुभवी संशोधक पहिल्या भेटीत कागद मागत नाहीत. आपल्याजवळची वंशावळ घेऊन जातात, ती पुढे ठेवतात आणि चुकली असेल तर दुरुस्त करून द्या म्हणतात. घरातल्या सर्वांत वयस्क आजींना आवर्जून बोलवायला सांगतात, कारण कुणाची मुलगी कुठे दिली हे त्यांनाच पाठ असते. शाखेचा पूर्ण तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत गावात परत देतात. हयात माणसांच्या जन्मतारखा, दत्तकाच्या किंवा मोडलेल्या लग्नाच्या गोष्टी विचारल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत. दोन भेटींत विश्वास बसला की माळ्यावरची पेटी आपोआप खाली येते.

ज्यांना वतनाचे कागदच मिळाले नाहीत, त्यांचे काय? दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे, आणि सीमेपलीकडे बेळगावात हेळवी येतात. सुगीनंतर बैल घेऊन दारात उभे राहायचे आणि यजमानाच्या घराण्याच्या पिढ्या सांगायच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. घर कुठल्या गावाहून उठून आले, कुठे फुटले, हे त्यांच्या सांगण्यात असते. धान्य घेतात, नवीन जन्मलेल्या मुलाचे नाव लिहून घेतात आणि पुढच्या गावाला जातात. अनेक शेतकरी घरांची लिहिलेली वंशावळ ही फक्त हेळव्यांच्याच वहीत आहे. त्यांची पुढची पिढी हा व्यवसाय सोडते आहे, आणि त्या वह्यांची छायाचित्रे घेण्याचे काम आज झाले नाही तर पुढे होणार नाही.

दलित घरांचा शोध आणखी कठीण, पण अशक्य नाही. महार वतनाच्या जमिनींच्या नोंदी आहेत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, तेव्हाचे फेरफार आहेत. पलटणींचे कागद आहेत. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या सैनिकांच्या नावांत महारांच्या नावाचा ‘नाक’ हा शेवट ठळक दिसतो. हा शेवट जुन्या कागदात दिसला की शोधणाऱ्याला दिशा मिळते. त्या नावापुढे आडनाव नसते, म्हणून इथेही गाव आणि बापाचे नाव हाच आधार, आणि त्या गावचा दुसरा संशोधक हाच वाटाड्या.

मराठी माणसाची वंशावळ महाराष्ट्राबाहेरही पसरलेली आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा वंश मराठीत कोरवून घेतला. राजाला ते शक्य होते. मॉरिशसला मजुरी करायला गेलेल्या कोकण-साताऱ्याच्या माणसाची नोंद मात्र कारकुनाने केली. १८३४ पासून करारावर मजूर तिकडे जाऊ लागले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेले, काही मुंबई बंदरातूनही. त्यांची रजिस्टरे आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक मजुराला क्रमांक, आणि त्याच्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा आणि गाव. काहींचे फोटोही आहेत. पूर्वजाचे पहिले नावच पुढे वंशजांचे आडनाव झाले, म्हणून मूळ आडनाव हरवले. गावाचे नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवले.

मॉरिशसमधल्या वंशजाला ते स्पेलिंग नुसते वाचून काही कळत नाही. रत्नागिरी-सावंतवाडीकडचा संशोधक मात्र ते मोठ्याने वाचून पाहतो, परगण्याच्या नावावरून तालुका ठरवतो, त्या नावाची दोन-तीन गावे काढतो, आणि मग त्या गावांच्या वाड्यांमध्ये जाऊन विचारतो की इथल्या कुठल्या घराण्याच्या वंशावळीत अमुक बापाचा एक मुलगा ‘परागंदा’ लिहिला आहे. तशी ओळ निघाली, तर मॉरिशसच्या माणसाला गाव मिळते, आणि गावातल्या घराला दीडशे वर्षे बेपत्ता असलेल्या त्या भावाचा क्रमांक, उंची, त्याचे लग्न आणि मुलांची नावे मिळतात. त्या घराच्या वंशावळीत त्याच्या पुढची शाखा त्या दिवशी लिहिता येते.